युवराज दिवाकरसेन, अ.पा.क. आई

वाकाटकांच्या आजवर मिळालेल्या लेखांत दिवाकरसेनाचे नाव एकदाच येते, तेही आईच्या बिरुदात गुंफलेले. प्रभावतीगुप्तेचा ‘पुणे ताम्रपट’ म्हणून जो ओळखला जातो, त्याचे दोन पत्रे अहमदनगरहून पुण्यात येऊन राहिलेल्या एका तांबट कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. तांबटाच्या घरात जुने तांबे भट्टीत जाते. हे गेले नाही. का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पंधराव्या खंडात त्याचे वाचन प्रसिद्ध केले आणि वाकाटकांचा काळ गुप्तांच्या काळाशी पक्का जोडला गेला. अभ्यासकांसाठी त्या पत्र्यांचे मोल यात आहे. मला मात्र त्यात एक मुलगा दिसत राहतो.

त्याचा बाप, दुसरा रुद्रसेन, साधारण इ.स. ४०५च्या सुमारास अल्प राज्यकाळानंतर वारला. आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची, म्हणजे त्या काळी उत्तर हिंदुस्थानातल्या सर्वांत बलाढ्य राजाची लेक. मुलगे लहान होते. नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, तिने कारभार हाती घेतला. कारभाराच्या तेराव्या वर्षी तिने हा पट दिला, तेव्हाही दिवाकरसेन युवराजच होता. त्यानंतर तो कुठल्याच लेखात नाही. ज्या घराण्यात पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध करून सम्राट ही पदवी घेतली, त्या घराण्याचा हा वारस सिंहासनावर कधी बसलाच नाही.

त्याच्याविषयी लिहायचे ठरवले आणि पहिला वाचक म्हणून लोणी भापकरला आत्याकडे गेले. लोणी हे बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातले गाव. तिथल्या मल्लिकार्जुन मंदिराच्या परिसरात पुष्करणी आहे आणि अंगभर बारीक मूर्ती कोरलेला यादवकाळातला यज्ञवराह आहे. रामटेकच्या डोंगरावर वाकाटकांच्या काळातला वराह आहे, याच्याहून सात-आठशे वर्षांनी जुना. विष्णूचे हे रूप प्रभावतीच्या घराला प्रिय होते, म्हणून लोणीच्या वराहाशेजारी बसून तिचा पट वाचणे मला योग्य वाटले. आत्या महसूल खात्यात तलाठी म्हणून लागली आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाली. ताम्रपटाचे मराठी भाषांतर तिने शांतपणे ऐकले आणि मग आमचे जे बिनसले ते दिवस मावळेपर्यंत. तो वाद इथे देते.

आत्या : सुरुवात पुन्हा वाच. आधी कुणाकुणाची नावं आली?

मी : घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त. मग त्याची मुलगी प्रभावतीगुप्ता, धारण गोत्रातली, नागकुळातल्या कुबेरनागेच्या पोटची. मग ती वाकाटकांचे महाराज रुद्रसेन यांची पट्टराणी. आणि मग युवराज दिवाकरसेनाची आई.

आत्या : म्हणजे खातेदार सगळ्यांत शेवटी. अगं, सातबाऱ्यावर अज्ञान मुलाचं नाव कसं लागतं? आधी पोराचं नाव. त्यापुढं अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता. आणि त्यानंतर आईचं नाव. आई असो, चुलता असो, आजा असो, तो मागं. कारण जमीन पोराची आहे. इथं सगळी वंशावळ पालकाच्या माहेरची आणि मालक तळाला. गोत्रसुद्धा माहेरचं लावलंय तिनं.

मी : वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. ते तिनं घेतलं नाही, हे खरं. पण आत्या, सातबारा आणि राजशासन यांत फरक आहे. शासन जो देतो तो आपला वंश सांगतो. इथं देणारी ती होती.

आत्या : देणारी ती होती, पण देत होती ते कुणाचं?

मी : राज्याचं. आणि ती एकटी होती, हे धर ना. तरुण विधवा, पदरात पोरं, सासरच्या घराण्याची दुसरी शाखा तिकडं वत्सगुल्मला, म्हणजे वाशीमला, आपलं राज्य घेऊन बसलेली. तिच्याजवळ काय होतं? बापाचं नाव. ते नाव घेतलं की कुणी सरदार, कुणी भाऊबंद मुलाच्या अंगावर यायला दहा वेळा विचार करील. ते तिनं पहिल्या ओळीत घातलं ते मुलाला आडोसा म्हणून.

आत्या : आडोसा म्हणून घातलं असेल. पण आडोसा करणाऱ्याचीच सावली पडते त्या पोरावर.

मी : आणि शिक्का विसरू नकोस. पटाबरोबर मुद्रा आहे. तिच्यावर गुप्तांचं नाव नाही. तिथं वाकाटकांच्या कुळाचं भूषण असलेल्या, कुळाच्या क्रमानं राजलक्ष्मी मिळालेल्या युवराजाच्या आईचं हे शासन, असं म्हटलंय. क्रमानं मिळालेली! म्हणजे राज्य त्याचं आहे, हे ती उघड कबूल करते. तो पट घेऊन जो कुणी गावात गेला असेल, त्याला आधी मुद्राच दाखवावी लागली असेल.

आत्या : मुद्रेवर पोराचं नाव आहे?

मी : नाव नाही. नुसतं युवराज.

आत्या : मग शिक्का युवराजाचा आणि मजकूर माहेरचा.

हे वाक्य तिने रागाने म्हटले नाही. पण त्यानंतर मला पट वेगळा दिसू लागला. लिपीसुद्धा तिच्या बाजूने साक्ष देते. वाकाटकांचे पट बहुधा अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेटी असलेल्या लिपीत असतात. हा पट खिळ्याच्या डोक्यासारखी शीर्षे असलेल्या अक्षरांत आहे. तो तयार करणाऱ्या कारकुनाला वाकाटकांच्या दफ्तराची सवय नसावी. मिराशींपासून अनेक अभ्यासकांना यात माहेरची माणसे नंदिवर्धनाच्या कारभारात बसलेली दिसली. मला ते पटते. पण माहेरची माणसे आली म्हणजे मुलाचे राज्य बळकावले, असे होत नाही.

आत्याने मग दानाचा भाग काढला. हा तिचा हातखंडा विषय.

आत्या : कुठलं गाव दिलं, कुणाला?

मी : सुप्रतिष्ठ आहारातलं दंगुण नावाचं गाव, चनालस्वामी नावाच्या आचार्याला. विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. मिराशींनी दंगुण म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट असं ठरवलं.

आत्या : चतुःसीमा चोख आहे. असा उतारा आजही कमी मिळतो. पुढं?

मी : गावात सैनिकांनी शिरायचं नाही. सरकारी माणसं आली तर त्यांच्या जनावरांना गवत, बसायला कातडी, कोळसा पुरवायची सक्ती नाही. मीठ, खाणी, खैराची झाडं यांवर राज्याचा हक्क नाही. गुप्तधन सापडलं तर तेही त्या आचार्याचं.

आत्या : आणि दिवस?

मी : कार्तिक शुद्ध द्वादशी. भगवंताच्या पायाशी निवेदन करून दिलंय.

आत्या : म्हणजे कार्तिकी एकादशीचा उपास सोडायचा दिवस. बारस. बाई भक्तीची होती, यात शंका नाही. पण मला सांग, अज्ञानाची जमीन पालकाला देता येते का? १९५६चा अज्ञानत्व आणि पालकत्वाचा कायदा, कलम ८. आईला पोराच्या भल्यासाठी कारभार करता येतो, पण स्थावर विकायची, गहाण टाकायची, दान द्यायची तर आधी कोर्टाची परवानगी. ती न घेता दिली, तर पोरगं सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून रद्द करून घेऊ शकतं. हा कायदा उगाच झालेला नाही. नोकरीत असताना मी पाहिलेत असे व्यवहार. बाप गेला, आई अडाणी, पालक म्हणून कुणीतरी उभा राहिला, आणि पोरगं अठराचं होईपर्यंत विहिरीजवळचा तुकडा गेलेला.

मी : कायदा आत्ताचा आहे, आत्या.

आत्या : कायदा आत्ताचा, पण ज्यानं तो लागला ते दुखणं जुनं आहे.

मी : दुखणं जुनं आहे, आणि त्या काळालाही ते ठाऊक होतं. नारदस्मृतीत सोळाव्या वर्षापर्यंत मुलगा अज्ञान मानलाय, त्याचे व्यवहार धरू नयेत म्हटलंय. पण राजाची जमीन म्हणजे घराचा तुकडा नव्हे. राजानं दान दिलं नाही तर राजा कसला? मुलाला देता येत नव्हतं, म्हणून आईनं दिलं. त्या दानाचं पुण्य राज्याला, म्हणजे मुलाला. शिवाय चनालस्वामीला दिलेल्या गावावर कुणी नंतर हक्क सांगितला, असं दिसत नाही.

आत्या : कोण सांगणार? मालकच राहिला नाही.

यावर उत्तर सुचले नाही. मी वयाकडे वळले, कारण माझी खरी भिस्त तिथे होती. हा वाद अभ्यासकांतही आहे आणि दिवाकरसेनाच्या आयुष्याचे मर्म त्यात आहे: तेरा वर्षे राज्य चालले, तरी त्याला अभिषेक का झाला नाही?

मी : बाप गेला तेव्हा तो अगदी तान्हा होता असं धरलं, तरी या पटाच्या वेळी तेरा-चौदा वर्षांचा असणार. चार-पाच वर्षांचा असेल, तर सतरा-अठराचा. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की अभिषेकाला पंचवीस वर्षं पुरी व्हावी लागत. कलिंगच्या खारवेलाचा हाथीगुंफेतला लेख पाहा. पंधरा वर्षं बालपणात गेली, मग नऊ वर्षं युवराज, आणि चोवीस वर्षं संपल्यावर अभिषेक. तसाच दिवाकरसेन वाट पाहत होता. आईनं त्याला अडवलं नव्हतं. वय अडवत होतं.

आत्या : खारवेल कुठला?

मी : ओडिशाचा.

आत्या : कधीचा?

मी : प्रभावतीच्या चार-पाचशे वर्षं आधीचा.

आत्या : म्हणजे दुसऱ्या राज्याचा, चार-पाचशे वर्षं जुना फेरफार दाखवून तू या पोराचा वारस हक्क थांबवतेस. वाकाटकांच्या घरात काय रीत होती, ते सांग.

तिथे मला अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा लेख सांगावाच लागला. वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते लेणे खोदवले आणि त्याच्या भिंतीवर वाकाटकांची वंशावळ कोरवली. तिच्यात एक राजा असा आहे की ज्याला आठव्या वर्षी राज्य मिळाले आणि ज्याने ते चांगले चालवले, असे लेख सांगतो. दगड झिजल्याने त्याचे नाव त्या ओळीत उरलेले नाही. काळ साधारण दिवाकरसेनाचाच, पाचव्या शतकाचा आरंभ. कूळ तेच. नंदिवर्धन आणि वाशीम यांत अंतर थोड्याच दिवसांच्या वाटेचे. एका घरातल्या आठ वर्षांच्या पोराला लोक राजा म्हणत होते, आणि त्याच्याच भाऊबंदांतला दिवाकरसेन, वयाने मोठा असूनही, युवराज.

आत्या : मग संपलं. त्या घरात आठ वर्षांचा चालत होता. पंचविशीची अट तुझ्या पुस्तकातली आहे, त्यांच्या घरातली नाही.

मी : संपलं नाही. वाशीमला त्या मुलाच्या मागं कोण मंत्री होता, कोण आई होती, ते आपल्यासमोर नाही. कुणा कारभाऱ्यानं नाव पुढं करून राज्य केलं असेल. आपल्याकडंच बघ. सवाई माधवराव. पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ला जन्म आणि चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं. ते पोर काय राज्य करणार होतं? बारभाईंनी, मग नाना फडणविसांनी केलं. आणि त्या पोराचं काय झालं? एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात वरून पडला आणि दोन दिवसांनी गेला. लहानपणी वस्त्रं दिली म्हणून भलं झालं, असं नाही.

आत्या : भलं झालं नाही, मान्य. पण वस्त्रं का दिली चाळिसाव्या दिवशी? राघोबादादा टपून बसला होता. गादी एक दिवस रिकामी ठेवली असती, तर ती गेली असती. पोराच्या डोक्यावर पगडी ठेवली आणि दादाचा हक्क संपला. पगडी हीच राखण होती. तुझ्या प्रभावतीला पोराची राखण करायची होती, असं तू म्हणतेस. मग तेरा वर्षं पगडी का ठेवली नाही?

मी : कारण तिच्या घरात राघोबादादा नव्हता. घाई नव्हती.

आत्या : आत्ताच तू म्हणालीस, वाशीमचे भाऊबंद टपलेले होते, म्हणून बापाचं नाव लावलं. आता म्हणतेस, घाई नव्हती. दोन्ही कसं?

तिचा हा मुद्दा बिनतोड होता. आजही त्यावर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढे मात्र म्हणता येते: बापाचे नाव पुरेसे भक्कम असेल, तर अभिषेकाची गरज उरत नाही. दुसऱ्या चंद्रगुप्ताने याच काळात माळव्या-गुजरातेतल्या पश्चिमी क्षत्रपांचे राज्य संपवले. माळव्यातल्या उदयगिरीचा त्याच्या काळातला लेख गुप्त संवत ८२चा, म्हणजे ४०१-०२चा आहे. त्या मोहिमेच्या दक्षिण अंगाला विदर्भ होता. ते राज्य मुलीच्या हाती, शांत आणि आपल्या बाजूचे असणे, हे त्याच्या सोयीचे होते. व्हिन्सेंट स्मिथने हे फार पूर्वी मांडले. त्यातून निघणारा अर्थ मला टोचतो. दिवाकरसेन सज्ञान होऊन राजा झाला असता, तर त्याचे स्वतःचे मत झाले असते. आजोबाला नातवाच्या मतापेक्षा लेकीचा हात अधिक खात्रीचा वाटला असेल. मी हे आत्याला सांगितले.

आत्या : आता बोललीस. हेच म्हणते मी. बाई वाईट होती असं मी कुठं म्हटलं? माझ्या हाताखालून गेलेल्या किती तरी आया अशा होत्या. दिरांशी भांडून, कोर्टात चकरा मारून पोराची जमीन राखली. पण पोरगं अठराचं झालं, की अ.पा.क.चा शेरा कमी करायचा अर्ज द्यावा लागतो, वयाचा दाखला जोडून. तो बऱ्याच जणी देत नाहीत. वाईट हेतू नसतो. कारभार अंगवळणी पडलेला असतो. साठीचा म्हातारा, नातवंडं खेळवणारा, आणि उताऱ्यावर अजून अज्ञान! अशी नोंद मी स्वतः दुरुस्त केली आहे.

मी : दिवाकरसेनाची तशीच राहिली, असं तुझं म्हणणं.

आत्या : सोळाशे वर्षं राहिली.

नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, शंखाचे चिन्ह असलेली. वर्तमानपत्रांत तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पाचव्या शतकात स्वतःच्या नावाने शासन देणारी, स्वतःच्या नावाची मुद्रा वापरणारी बाई भारताच्या इतिहासात सहज सापडत नाही. माझ्या पिढीच्या बायकांना ती का आवडते, हे मला पुरते ठाऊक आहे. मलाही ती आवडते. पण तिच्या पराक्रमाची गोष्ट सांगताना आपण मुलाला हळूच बाजूला सारतो. कालिदासाने या राजपुत्रांना शिकवले, रामटेकवर बसून मेघदूत रचले, ही कथा सगळ्यांना गोड वाटते. रामगिरी म्हणजे रामटेक हे मत भक्कम असेल, पण शिकवणीला पुरावा नाही. ज्या मुलाविषयी एका नावापलीकडे काही हाती नाही, त्याच्या शेजारी कालिदास आणून बसवणे मला बरे वाटत नाही. आत्याचेही इथे माझ्याशी एकमत झाले.

मग मी रिद्धपूरचा पट काढला. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातले, महानुभावांचे गोविंदप्रभूंचे. तिथे मिळालेला प्रभावतीगुप्तेचा पट तिच्या मुलाच्या, दुसऱ्या प्रवरसेनाच्या, राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला आहे. रामगिरीस्वामीच्या पायाशी बसून तिने तो दिला. आता ती म्हातारी झालेली आहे. पुण्याच्या पटाला कित्येक वर्षे उलटली आहेत.

मी : तिथं ती स्वतःला महाराज दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई म्हणवते.

आत्या : आणि थोरला?

मी : त्याचं नाव नाही.

आत्या : तेरा वर्षं ज्याच्या नावावर कारभार केला, त्याचं नाव नाही?

मी : ती महाराजांची यादी आहे, आत्या. तो महाराज झाला नव्हता. आणि एकट्या आईचं काय घेऊन बसलीस! धाकट्या भावाचे, प्रवरसेनाचे, इतके पट मिळालेत. चम्मकचा पट तर प्रसिद्ध आहे, हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी जमीन दिली त्याचा. त्या सगळ्यांत तो बापाचं नाव घेतो, आईचं घेतो, आईच्या बापाचंसुद्धा घेतो. भावांचं घेत नाही. रीतच तशी होती. बापावरून थेट स्वतःवर यायचं.

आत्या : म्हणजे आजोबाचं नाव टिकलं, पोराचं गेलं.

मी : तोच प्रवरसेन पुढं सेतुबंध लिहितो, असं मानतात. महाराष्ट्री प्राकृतात. आपल्या भाषेच्या आधीच्या भाषेत.

आत्या : मोठा कवी असेल. भावाचं नाव घेतलं असतं, तर काही बिघडलं नसतं.

प्रवरसेनाने तीस वर्षांच्या आसपास राज्य केले. घराण्याच्या नंदिवर्धन शाखेचा हा सगळ्यांत भरभराटीचा काळ. दिवाकरसेन जगला असता, तर तो काळ आला नसता, प्रवरसेन कुणाच्या तरी हाताखाली राजपुत्र राहिला असता. इतिहास वाचताना असे हिशेब मनात येतात आणि ते मांडू नयेत असेही वाटते. एका मुलाच्या मरणाने दुसऱ्याला जागा झाली, हे राजघराण्यांत नित्याचे होते. तरी ज्याची जागा रिकामी झाली त्याला आपण वंशावळीत निदान एक ओळ देतो. मराठीतल्या पुष्कळ वंशावळींत रुद्रसेनाखाली एकदम दामोदरसेन-प्रवरसेन येतात आणि मध्ये आई कंसात बसवलेली असते. मला तिथे दिवाकरसेन हवा आहे, थोरल्या मुलाच्या जागी, युवराज या पदासह. या एका मागणीवर आत्या आणि मी पूर्णपणे एक आहोत.

पण मी ‘तो तरुणपणीच वारला’ असे लिहायला निघाले, तेव्हा ती पुन्हा अडली.

आत्या : मृत्यूचा दाखला कुठाय?

मी : दाखला कसा असेल? पुढच्या पटात तो नाही. धाकटा राजा झाला. त्यावरून.

आत्या : वारस नोंद करताना मी असं कधी धरलं नाही. माणूस उताऱ्यावर दिसत नाही म्हणून तो मेला, असं लिहिलं, तर जिवंतांना मारून टाकायला कितीसा वेळ लागतो? कधी हक्कसोड असते. कधी धाकट्याच्या नावावर करून थोरल्याला बाजूला केलेलं असतं. कधी पोरगं घर सोडून देवाधर्माला लागतं. आणि राजे गादीवर बसताना दुसरं नावही घेत, ना?

मी : काहींना वाटतं, दामोदरसेनानंच प्रवरसेन हे नाव घेतलं. तशी शंका आहे खरी. पण दिवाकरसेनाला बाजूला केलं असतं, तर तेरा वर्षं त्याला युवराज कशाला म्हटलं असतं? धाकटे मुलगे घरातच होते. पहिल्याच वर्षी दुसऱ्याला पुढं केलं असतं. तिनं तसं केलं नाही. तेरा वर्षं ती थोरल्याच्याच नावानं थांबली. एवढं थांबणारी आई त्याला हाकलून देईल, हे मला पटत नाही.

आत्या : थांबली, कारण युवराज आज्ञेत होता. आज्ञेत असेपर्यंत पालकाला घाई नसते.

मी : आणि आज्ञेत नसता, तर? धाकटे तरी आज्ञेत राहतील, याची खात्री काय? प्रवरसेनाच्या काळातही ती पट देत होती, पण प्रवरसेनाच्या कारकीर्दीचं वर्ष घालून. म्हणजे मुलगा राजा झाल्यावर तिनं कालगणना मुलाची लावली. सत्ता सोडता येत होती तिला.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. वर्ष कुणाचे घातले आहे, हा मुद्दा तिच्या खात्यातला होता आणि तिला तो लागला.

आत्या : पुण्याच्या पटात तेरावं वर्ष कुणाचं?

मी : कुणाचंच नाव नाही. नुसतं संवत्सर तेरावं.

आत्या : आणि रिद्धपूरच्या पटात प्रवरसेनाचं नाव घालून एकोणिसावं.

मी : हो.

आत्या : मग धाकट्याला तिनं ते दिलं, जे थोरल्याला दिलं नव्हतं. तू म्हणतेस तसा तो वारला असेल, तर त्यानंतर तिला ते कळलं असेल. हे मी मान्य करीन. पण त्याच्या पुण्यासाठी दिलेला एक पट दाखव, मग मी ‘वारला’ लिहू देईन.

असा पट नाही. नाव एकदाच येते, हे मी सुरुवातीलाच सांगितले आहे. दंगुणाच्या दानपत्राचा मजकूर ज्याने कोरला त्या चक्रदासाचे नाव पटाच्या शेवटी आहे, दान घेणाऱ्याचे आहे, चार बाजूंच्या गावांची आहेत. त्या सगळ्यांपैकी वय ज्याचे विचारावेसे वाटते असा एकच आहे, आणि त्याच्या आयुष्याची दोन्ही टोके त्या पत्र्यांच्या बाहेर आहेत. माझे मत असे की तो युवराजपदावर असतानाच, विशीच्या आसपास वारला आणि आईने त्याच्यानंतर धाकट्यांना हक्क पुरा देऊ केला. आत्याला हे मान्य नाही. तिच्या आग्रहावरून लेखात ते माझे मत म्हणूनच दिले आहे, प्रभावतीगुप्तेच्या नावावर घातलेले नाही.